फादर थॉमस स्टीफन्स : मुलांच्या प्रश्नांना त्यांच्या घरच्या भाषेत उत्तर देणारे धर्मगुरू

दसऱ्याच्या सुटीत म्हैसूरला जाणारी मराठी कुटुंबे चामुंडी टेकडी आणि राजवाडा पाहून झाला की बहुधा सेंट फिलोमिना चर्चही पाहतात. दोन उंच मनोऱ्यांच्या या चर्चची पायाभरणी १९३३ मध्ये महाराज कृष्णराज वोडेयार (चौथे) यांच्या हस्ते झाली. आत पाऊल टाकताच मोठी माणसे हळू आवाजात बोलू लागतात आणि लहान मुले प्रश्न विचारू लागतात. त्या माणसाला खांबावर खिळे का ठोकले आहेत? बाळाला घेतलेली ही बाई म्हणजे देवी का? खाली तळघरात निजलेली मुलगी कोण? यांचा देव वेगळा आणि आपला वेगळा असतो का? अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण, नंतर सांगतो, असे म्हणून मुलाचा हात धरून पुढे चालू लागतात. ते नंतर बहुधा कधी येतच नाही.

कॅथलिक घरातली मुलेही हेच प्रश्न आपल्या आईवडिलांना विचारतात, आणि त्यांचीही तारांबळ उडते. श्रद्धा मनात असणे वेगळे आणि ती सात वर्षांच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे वेगळे. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर एका परदेशी धर्मगुरूने आयुष्यातली चाळीस वर्षे या कामासाठी दिली. मराठी माणूस त्यांना 'ख्रिस्तपुराणा'चे कवी म्हणून ओळखतो. त्यांनी मुलांसाठी लिहिलेले छोटे पुस्तक मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. आज आपण फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र त्या छोट्या पुस्तकाच्या बाजूने पाहणार आहोत.

ज्या देशात स्वतःची श्रद्धा लपवावी लागे

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे असतील-नसतील तेव्हा, १५५९ मध्ये, राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक उपासनेवर कायद्याने बंदी आली. पूर्वी जी प्रार्थना उघडपणे होत असे, ती आता बंद दारांआड होऊ लागली. कॅथलिक घरातल्या मुलाला घरी एक आणि बाहेर एक अशी दोन उत्तरे द्यायला शिकावे लागे.

तरुणपणी थॉमस पाऊंड नावाच्या मित्राबरोबर त्यांनी रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश घ्यायचे ठरवले. निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना संघात प्रवेश मिळाला. मित्राचे काय झाले हे ते विसरले नाहीत. पाऊंड यांनाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे खटपट केली.

श्रद्धेसाठी माणसाला काय सोसावे लागते हे स्टीफन्स यांनी अशा रीतीने लहान वयातच पाहिले होते. पुढे गोव्यात त्यांना हेच दृश्य उलट्या बाजूने पाहायचे होते.

समुद्रावरचे सात महिने

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. ईस्ट इंडिया कंपनीचा जन्म व्हायला अजून एकवीस वर्षे होती. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात वारे, प्रवाह, मासे, पक्षी, हिरड्या सुजवणारा समुद्री आजार अशा सगळ्या गोष्टींची बारकाईने नोंद आहे. जहाजावर पुष्कळ लहान मुले असतात आणि त्यांना समुद्र मोठ्या माणसांपेक्षा चांगला सोसतो, असेही त्यांनी वडिलांना कळवले. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले.

१५८० मध्ये गोव्यात त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी साष्टी प्रांतात झाली. मडगाव, बाणावली, रायतूर ही गावे आपल्या परिचयाची आहेत. याच परिसरात त्यांचे पुढचे सारे आयुष्य गेले.

साष्टीतल्या मुलांचे प्रश्न

त्या काळातल्या साष्टीची स्थिती आपण शांतपणे समजून घेतली पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय तिथल्या मुलांच्या प्रश्नांचे वजन कळणार नाही. फादर स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे पाडली होती. त्याच दशकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात नदीपलीकडे नेली. आज आपण मंगेशी आणि कवळे येथे ज्यांचे दर्शन घेतो, ती ही दैवते. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले होते. १५५९ च्या राजाज्ञेनुसार पोरकी झालेली हिंदू मुले नातेवाइकांकडे न ठेवता धर्मसंस्थेच्या ताब्यात दिली जात.

अशा गावात सकाळी घंटा वाजे आणि मुले चर्चमध्ये धर्मपाठासाठी जमत. गोव्यात ही पद्धत फ्रान्सिस झेवियर यांनी रुजवली होती. १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर ते स्वतः हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत आणि मुलांना गोळा करत. मुले प्रार्थना पाठ करत आणि घरी जाऊन आजीसमोर म्हणून दाखवत. त्या आजीने आपल्या तरुणपणी वेगळीच स्तोत्रे म्हटलेली असत. मग मुलाच्या मनात प्रश्न उठणारच. आजी चुकत होती का? आपले जुने देव कुठे गेले? नवा देव आपली भाषा समजतो का?

१५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावात हा ताण फुटला. गावात चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांतले रुदोल्फो अक्वाविवा हे त्याच वर्षी अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. बरोबरचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांचे अंत्यसंस्कार करण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणे येथील किल्ल्यात बोलावून मारून टाकले. दोन्ही बाजूंच्या घरांत पोरकी मुले मागे राहिली.

वाचकहो, फादर स्टीफन्स या सत्तेच्या छत्राखालीच काम करत होते. जुन्या उपासनेकडे लोकांनी पाठ फिरवावी हाच त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. हे सत्य बाजूला ठेवून त्यांचे चरित्र सांगणे योग्य होणार नाही. याच काळात, १५८१ मध्ये, त्यांच्याच संघाच्या एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये कॅथलिक धर्मगुरू म्हणून देहदंड झाला होता. एकाच माणसाच्या मायभूमीत त्याच्या श्रद्धेचा छळ होत होता आणि त्याच्या कर्मभूमीत त्याच श्रद्धेच्या नावाने इतरांचा छळ होत होता. या दोन्हींच्या मध्ये उभे राहून त्यांनी तलवारीला नव्हे, भाषेला हात घातला. म्हणूनच आपल्याला त्यांच्याकडून शिकता येते.

गुरू होण्याआधी शिष्य

बाहेरून आलेल्या अनेक पाद्र्यांचे काम दुभाष्यावर चाले. दुभाषा अर्धे सांगे, अर्धे गाळे. मुलाने मध्येच प्रश्न विचारला तर तो पाद्र्यापर्यंत पोहोचेलच असे नसे. फादर स्टीफन्स यांनी दुभाष्याला बाजूला ठेवले आणि स्वतः शिकायला बसले.

साष्टीत दोन भाषा चालत. घरात, शेतात, बाजारात लोक कोंकणी बोलत. पुराण, कीर्तन, धर्मग्रंथ मात्र मराठीत ऐकत. त्यांनी दोन्ही आत्मसात केल्या. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार कलकत्त्यात जगापुढे मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

त्याच सुमारास राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांचे साथीदार असे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. फादर स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. ज्या राजवटीने आपल्या मित्राला तुरुंगात डांबले तिचीच ही प्रजा आहे, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

शिकण्याची ही साधना किती दीर्घ होती ते पाहा. ते गोव्यात आले १५७९ मध्ये आणि त्यांचा पहिला मोठा ग्रंथ छापला गेला १६१६ मध्ये. सदतीस वर्षे! आपण मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सात मिनिटेही काढत नाही.

चर्चमध्ये विचारलेला एक प्रश्न

'ख्रिस्तपुराणा'ची सुरुवात एका प्रश्नापासून होते. साष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना धर्मपाठ दिला जात आहे. तिथे बसलेला एक ब्राह्मण, जो आता ख्रिस्ती झाला आहे, पाद्र्यांना आपली अडचण सांगतो. हे पाठ चांगले आहेत, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी वाचायला, मनाला विरंगुळा द्यायला काहीतरी द्या, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. एवढा मोठा ग्रंथ या मागणीचे उत्तर म्हणून उभा राहतो.

दोन भागांच्या या पुराणात पंच्याण्णव अध्याय आणि १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे जीवन आहे. छंद ओवीचा, म्हणजे ज्ञानदेवांचा आणि फादर स्टीफन्स यांचे समकालीन असलेल्या एकनाथांचा. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने पुस्तक रोमन लिपीत रायतूर येथे छापले गेले. मराठी भाषेची त्यात केलेली स्तुती आपण शाळेत ऐकलेली असते. परंतु त्याची मांडणी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पाद्री कथा सांगतात, ऐकणारे मध्येच शंका काढतात, पाद्री थांबून उत्तर देतात. श्रोत्याचा प्रश्न हा व्यत्यय नसून कथेचा भाग आहे, असे लेखकाने मानले आहे.

घरच्या भाषेतले छोटे पुस्तक

मोठ्यांसाठी मराठी पुराण झाले. मुलांचे काय? ओवीची ग्रांथिक मराठी पाच-सहा वर्षांच्या मुलाला कशी कळणार? म्हणून त्यांनी मुलांसाठी कोंकणीत, म्हणजे आई स्वयंपाकघरात बोलते त्या भाषेत, 'दौत्रिना क्रिस्ताम' लिहिले. मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने मांडलेले पुस्तक, असे त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितले आहे. पोर्तुगालमधील मार्कोस जॉर्जे यांचे मुलांसाठीचे पुस्तक त्याला आधाराला होते. याच पुस्तकाच्या आधारे जपानमध्ये १५९० च्या दशकात जपानी पाठ तयार झाला आणि १६२४ मध्ये आफ्रिकेतील कोंगोच्या भाषेतही तो आला. मुलांचे प्रश्न सगळ्या खंडांत सारखेच असतात. उत्तराची भाषा मात्र त्या त्या घरची असावी लागते.

१६१९ मध्ये, सुमारे सत्तर वर्षांचे असताना, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात देह ठेवला. मुलांचे पुस्तक तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, रायतूरला छापले गेले. कोंकणीतले हे पहिले छापील पुस्तक मानले जाते. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण दियोगो रिबेरो यांच्या भरीसह १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाला भेटण्यासाठी त्यांनी जी वाट तुडवली, तीच मागून येणाऱ्यांसाठी या व्याकरणाने मोकळी केली. गोव्यातल्या कॅथलिक घरांत मुलांच्या धर्मपाठाला आजही 'दोतोर्न' म्हणतात. तो शब्द मूळच्या 'दौत्रिना'चेच घरगुती रूप आहे.

मुलांना काय सांगितले जाते?

वाचकहो, अशा बालपाठांत असते तरी काय? कॅथलिक श्रद्धा मुलांना कशी समजावली जाते हे आपल्यालाही ठाऊक असावे. शेजारच्या घरात काय मानतात हे माहीत नसले की गैरसमज वाढतात.

पहिला पाठ क्रुसाच्या खुणेचा. मूल कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेते. लगेच त्याला प्रश्न पडतो, मग देव तीन का? उत्तर असे की देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्या एकाच देवाच्या तीन व्यक्ती आहेत. हे बुद्धीला पुरते उलगडत नाही, असे कॅथलिक शिक्षक मुलाला मोकळेपणाने सांगतात. याला ते गूढ सत्य म्हणतात.

दुसरा प्रश्न क्रुसावरच्या माणसाचा. कॅथलिक श्रद्धेनुसार येशू हा देवाचा पुत्र. माणसांच्या पापांसाठी त्याने स्वेच्छेने मरण पत्करले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. त्यामुळे ते चित्र पाहून त्यांना केवळ दुःख होत नाही. आपल्यावर कोणी इतके प्रेम केले, ही कृतज्ञता त्यांच्या मनात जागी होते.

तिसरा प्रश्न मारियेचा. मुंबईत वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेला दर सप्टेंबरमध्ये सर्व धर्मांचे लोक जातात आणि बरेच जण तिला देवी समजून मेणबत्ती लावतात. कॅथलिक मुलाला मात्र शिकवले जाते की मारिया ही देव नाही, ती येशूची आई आहे. आराधना फक्त देवाची. मारियेला आणि संतांना आदर द्यायचा आणि आपल्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा अशी त्यांना विनंती करायची. मूर्तीलाही पूजा नसते, मूर्ती ज्यांची आठवण करून देते त्यांना तो मान असतो.

चौथा प्रश्न रविवारच्या प्रार्थनेत मोठ्यांना मिळणाऱ्या पातळ, गोल, पांढऱ्या भाकरीचा. मिस्साविधीत ही भाकर ख्रिस्ताचे शरीर होते अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून ती खाऊसारखी वाटत नाहीत. मुलाला यातला फरक कळू लागला की, साधारण सातव्या वर्षी, ती प्रथम दिली जाते. हे वय पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये ठरवून दिले. त्याआधी मुलांना बरीच अधिक वर्षे थांबावे लागे.

याशिवाय दहा आज्ञा, सात संस्कार आणि दयेची चौदा कामे मुले शिकतात. दयेच्या कामांत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची विचारपूस ही कामे येतात. हा भाग समजायला कोणत्याही घरातल्या मुलाला अडचण येणार नाही.

फादर स्टीफन्स यांचे शब्दांविषयीचे तारतम्य इथे दिसते. पुराणात स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोच वापरला, कारण ऐकणाऱ्याला त्या शब्दात आनंदाचे धाम लगेच दिसत होते. पण बाप्तिस्मा, क्रूस अशा गोष्टींना आपल्याकडे जोड नव्हती, तिथे त्यांनी बाहेरचा शब्दच ठेवला आणि अर्थ समजावून सांगितला. ओळखीच्या गोष्टीला ओळखीचा शब्द द्यावा आणि नव्या गोष्टीचे नवेपण झाकू नये. मुलाला फसवायचे नसेल तर या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

भाषेवर बंदी, आणि श्रीरंगपट्टण

हे काम गोव्याच्या सत्तेला फार काळ रुचले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर यांनी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी आणि मुलांनाही त्याच भाषेत शिकवावे. ज्या भाषेत मूल प्रश्न विचारते, तीच भाषा गुन्ह्यासारखी ठरली. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

परंतु लोक पुस्तक घेऊन दक्षिणेकडे गेले. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर, मंगळूर परिसरात स्थायिक झालेल्या कॅथलिक कुटुंबांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या आणि घरोघरी त्या गायल्या. इथे आपण पुन्हा म्हैसूरच्या परिसरात येतो. मुलांच्या भाषेत उत्तर देण्याची ही रीत तिथे आधीच पोहोचली होती. सतराव्या शतकाच्या मध्यात जेझुइट लेओनार्दो चिन्नामी यांनी श्रीरंगपट्टणात म्हैसूर मिशनची सुरुवात केली आणि कन्नड शिकून त्या भाषेत धर्मपाठाचे पुस्तक लिहिले.

१७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर परिसरातील हजारो कॅथलिकांना कैद करून म्हैसूरच्या जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणाला नेले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ही कैद चालली. वाटेत आणि कैदेत कित्येक जण मेले. चर्च नाही, पाद्री नाही, पुस्तके नाहीत. पंधरा वर्षांत एक संपूर्ण पिढी लहानाची मोठी होते. त्या मुलांनी आपण कोण, आपला देव कोण, असे विचारले असेल तेव्हा उत्तर द्यायला आईवडिलांशिवाय कोणीही नव्हते. त्या काळात पाठ असलेल्या पुराणाच्या ओव्यांनीच आपल्या पूर्वजांना धीर दिला, अशी आठवण मंगळूरच्या कॅथलिक समाजात सांगितली जाते. सुटकेनंतर फ्रेंच धर्मगुरू आबे द्युबुआ तिथे आले. त्यांनी स्थानिक वेश घेतला, शाकाहार पत्करला, विखुरलेली कुटुंबे पुन्हा एकत्र केली आणि हजारो लोकांना देवीची लस दिली.

याच मंगळूरमध्ये १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी जुन्या हस्तलिखितांवरून 'ख्रिस्तपुराण' पुन्हा छापले. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, आणि मराठी वाचकाला ते आपल्या लिपीत वाचता आले.

आपण काय घ्यावे?

फादर स्टीफन्स यांची श्रद्धा आपली असेल वा नसेल, त्यांच्या काळातल्या सत्तेने केलेल्या अन्यायाबद्दल आपल्या मनात दुःख असेल. तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. सत्तेच्या हुकमाने मुलांना पाठांतर करायला लावता येते, पण मुलाच्या मनात शिरता येत नाही. तिथे जायची वाट त्याच्या आईच्या भाषेतून जाते आणि ती चालायला वेळ द्यावा लागतो. हुकूम काढणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? कैदेतल्या आईच्या ओठांवर मात्र ओव्याच होत्या.

पुढच्या वेळी आपल्या मुलाने चर्चमध्ये, मशिदीपाशी किंवा आपल्याच देवघरासमोर काही विचारले, तर थोडे थांबू या. माहीत असेल ते सोप्या आणि खऱ्या शब्दांत सांगू या. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी सांगताना ती मानणारा माणूस शेजारी उभा आहे असे समजून बोलू या. माहीत नसेल तर तसे कबूल करून, ज्याला माहीत आहे अशा शेजाऱ्याकडे मुलाला घेऊन जाऊ या आणि त्याच्या बाजूला आपणही ऐकायला बसू या.